टक्का कशाचा?

शाळेविषयीचा आकडा गावात पोहोचतो तो बहुधा टक्क्यात किंवा गुणोत्तरात. बातमीत अंश ठळक छापला जातो आणि छेद गृहीत धरला जातो. बेळगावच्या बाजारात बटाट्याचा दर कानावर पडताच आवक किती झाली हे शेतकरी विचारतो. शाळेच्या टक्क्याला मात्र तसा प्रश्न क्वचितच विचारला जातो. कडोली हे बेळगावजवळचे, दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरवणारे गाव. भाषेची इतकी आस्था असलेल्या या कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागात मराठी शाळांचे भवितव्य पटसंख्येवर ठरते, म्हणून आकडे वाचता येणे हेही भाषेचेच काम आहे.

२०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची साक्षरता ७३.४८ टक्के भरली. पुरुषांची ८२.२० होती, स्त्रियांची ६४.५८. इथे शंभर म्हणजे सगळी लोकसंख्या नव्हे, तर सात वर्षे आणि त्यावरील माणसे. दोन टक्क्यांची साधी सरासरी काढली तर ७३.३९ येते. हा बारीक फरक चूक नाही. जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ९७३ स्त्रिया असल्याने पुरुषांच्या टक्क्याचे वजन किंचित जास्त पडते. भारित सरासरी शिकवायला याहून जवळचे उदाहरण मिळणे कठीण. स्त्री-पुरुषांमधली १७.६२ टक्के-अंकांची दरी मात्र ७३.४८ या एका आकड्यात दिसेनाशी होते, आणि जिल्ह्याबद्दल सांगायची खरी गोष्ट तीच आहे.

कर्नाटकाचा दहावीचा निकाल २०२३ मध्ये ८३.८९ टक्के होता, २०२४ मध्ये ७३.४० झाला. ही घट १०.४९ टक्के-अंकांची. आधीच्या निकालाच्या प्रमाणात मोजली तर साडेबारा टक्क्यांची. दोन्ही विधाने खरी आहेत, पण एकाच्या जागी दुसरे वापरले की अर्थ बदलतो. शिवाय २०२४ मध्ये परीक्षा केंद्रांवर वेबकास्टिंगची नजर होती आणि कृपागुणही वाढवले होते. परीक्षेच्या अटी बदलल्या असताना मुलेच एका वर्षात कच्ची झाली असे म्हणणे अन्यायाचे आहे. कोरोनाकाळात, २०२१ मध्ये, परीक्षेचे स्वरूपच बदलले आणि निकाल ९९.९९ टक्के लागला. तोही इतर वर्षांच्या शेजारी मांडता येत नाही. लहान शाळेचा टक्का तर आणखी जपून वाचावा. आठ मुलांपैकी एक नापास झाले की निकाल ८७.५ वर येतो, दोन झाली की ७५ वर. अशा शाळेने फलकावर ‘आठपैकी सात’ असेच लिहावे.

सर्वांत कमी वाचले जातात ते पैशाचे आकडे. समग्र शिक्षा योजनेतले एकत्रित शाळा अनुदान पटावर ठरते. तीस मुलांपर्यंत १०,००० रुपये, ३१ ते १०० पर्यंत २५,०००, १०१ ते २५० पर्यंत ५०,०००. म्हणजे तीस मुलांच्या शाळेला मुलामागे ३३३ रुपये पडतात, एकतीस मुलांच्या शाळेला ८०६ आणि शंभर मुलांच्या शाळेला अवघे २५०. या अनुदानाचा आलेख सरळ रेषेत चढत नाही, पायऱ्यापायऱ्यांनी चढतो. एकतिसावे नाव पटावर टिकले तर शाळेचे वर्षाचे १५,००० रुपये टिकतात. याच रकमेतून वीजबिल, पाणी, शैक्षणिक साहित्य आणि किरकोळ दुरुस्ती भागवायची, किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. वीजबिल काही मुलांच्या संख्येप्रमाणे कमी होत नाही, म्हणून लहान शाळेचा दरडोई खर्च जास्त दिसणारच. तो उधळपट्टीचा पुरावा ठरत नाही. शाळा विलीन करण्याची चर्चा निघते तेव्हा पालकांना हे ठामपणे सांगता आले पाहिजे.

माध्यान्ह आहाराचा हिशोब वेगळा, तो जेवणाऱ्या मुलांमागे होतो. १ मे २०२५ पासून केंद्राने ठरवलेला साहित्यखर्च प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला ६.७८ रुपये आणि उच्च प्राथमिकच्या मुलामागे १०.१७ रुपये आहे. धान्य वेगळे मिळते. प्राथमिकची चाळीस मुले जेवली तर २७१ रुपये २० पैशांत डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन बसवायचे. हजेरी पंचवीसवर आली की हातात १६९ रुपये ५० पैसे उरतात. इंधन मात्र त्या प्रमाणात कमी लागत नाही.

शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. कागदावर हे गुणोत्तर तीसास एक असे देखणे दिसते. प्रत्यक्षात पाच इयत्ता दोघांत वाटल्या जातात आणि एकाच फळ्यासमोर दोन-तीन वर्ग बसतात. गुणोत्तर मुले मोजते, इयत्ता मोजत नाही.

राज्याच्या अर्थसंकल्पातही छेद पाहण्याचा हाच धडा आहे. कर्नाटकात शिक्षणासाठी २०२४-२५ मध्ये ४४,४२२ कोटी रुपये दाखवले गेले, २०२५-२६ मध्ये ४५,२८६ कोटी. रक्कम वाढली. पण एकूण अर्थसंकल्प ३,७१,३८३ कोटींवरून ४,०९,५४९ कोटींवर गेल्याने शिक्षणाचा वाटा सुमारे १२ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर आला. ‘तरतूद वाढली’ आणि ‘वाटा घटला’ ही दोन्ही वाक्ये खरी आहेत. मराठी वाचकापुढे ती एकत्रच यायला हवीत.

देशाच्या पटाचेही तसेच. शाळांची माहिती नोंदवणाऱ्या केंद्राच्या यूडायस प्लस प्रणालीनुसार २०२१-२२ मध्ये शाळांत सुमारे २६.५ कोटी मुले होती, २०२३-२४ मध्ये २४.८ कोटी. मात्र २०२२-२३ पासून प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होऊ लागली आणि दुहेरी नावे गळाली. त्यामुळे पावणेदोन कोटी मुलांनी शाळा सोडली असा अर्थ थेट काढता येत नाही.

दहावीच्या गणितात सांख्यिकीचा पाठ आहे. त्यात मध्य, मध्यक, बहुलक येतात, पण उदाहरणे अनोळखी कारखान्यांची आणि काल्पनिक गुणांची असतात. स्वतःच्या शाळेची दहा वर्षांची पटसंख्या, महिन्याची हजेरी आणि अनुदानाचा खर्च घेऊन तोच पाठ शिकवायला कोणत्याही परवानगीची गरज नाही. शिक्षणहक्क कायद्याने शाळा समितीत (कर्नाटकात तिला एसडीएमसी म्हणतात) तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया ठेवल्या आहेत, आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे हे त्या समितीचेच काम आहे. सीमाभागातल्या प्रत्येक मराठी शाळेच्या एसडीएमसीने पुढच्या बैठकीत हे तीन आकडे मागावेत, आणि ते फलकावर मांडण्याचे काम सातवीच्या मुलांकडे द्यावे.