तक्रार देणाऱ्या बाईचं काम जाऊ देऊ नका

कर्नाटकातल्या सुपा म्हणजे आताच्या जोयडा तालुक्यात मुलांना रोज जवळून पाहणारी माणसं कोण? अंगणवाडीची बाई, शाळेत जेवण करणारी स्वयंपाकीण, हॉस्टेलातली मदतनीस, अतिथी शिक्षक. पगार तुटपुंजा, आणि पुष्कळांचं काम वरच्याच्या मर्जीवर.

याच माणसांवर 2012 च्या पोक्सो कायद्याने मोठा भार टाकलाय. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा होईल अशी धास्ती वाटली, तरी पोलिसांना कळवायलाच हवं. झालेला गुन्हा न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याला वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवरचे अत्याचार माहीत असून कळवले नाहीत, असा आरोप एका डॉक्टरवर होता. उच्च न्यायालयाने रद्द केलेला तो गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने 2 नोव्हेंबर 2022 रोजी पुन्हा कायम केला.

बरं, जिने कळवलं तिचं काय? चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर खटला चालत नाही, एवढं कलम 19 सांगतं. नोकरीबद्दल ते गप्प आहे. जूनमध्ये शाळा सुरू होताना तिला परत बोलावलंच नाही, तर कारण कोण लिहून देतो? राजस्थानात भंवरी देवींनी सरकारी साथिन, म्हणजे गावपातळीवरची कार्यकर्ती, म्हणून बालविवाह थांबवायचं आपलं काम केलं आणि 1992 मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल त्यातूनच 1997 मध्ये आला. काम केल्याची किंमत मात्र भंवरी देवींनीच मोजली.

म्हणून बाईंनो, मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं म्हणजे कळवलं, असं समजू नका. पोलिसांत जा, 1098 या मुलांच्या मदत क्रमांकाला फोन करा. नोंदीचा क्रमांक मागून घ्या, तारखेसह घरी लिहून ठेवा. नोंद कन्नडमध्ये झाली तर वाचून दाखवायला सांगा. मुलाला ती भाषा समजत नसेल तर दुभाषी द्यावा लागतो. आणि एकट्या जाऊ नका.

आईबापांनो, खरी गरज तुमची आहे. तक्रारीनंतर तिची बदली झाली, पगार अडकला, ‘बाई भांडखोर’ अशी कुजबुज सुरू झाली, तर शाळेच्या समितीत उभं राहून कारण विचारा. मुलाचं नाव, घर, वाडा कुठेही येऊ देऊ नका. प्रश्न फक्त तिच्या कामाचा ठेवा. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या, आणि त्याची प्रत कारवारला जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवा.