फिल्डवर्कची मुले कोर्टात का दिसत नाहीत?

पावसाळा सुरू झाला की नाशिकच्या आमच्या ऑफिसात एमएसडब्ल्यूची मुले-मुली पत्र घेऊन येतात. पत्रावर कॉलेजचा शिक्का असतो, खाली सरांची सही असते. सदर विद्यार्थ्यास आपल्या संस्थेत क्षेत्रकार्याची संधी द्यावी, ही विनंती. विद्यार्थ्याने आठवड्यातून दोन दिवस यायचे, केलेल्या कामाचे रेकॉर्डिंग लिहायचे. ते संस्थेतला माणूस आणि कॉलेजचा सुपरवायझर तपासणार, त्यावर मार्क पडणार. समाजकार्याच्या शिक्षणात यालाच फिल्डवर्क म्हणतात.

आधी आमचाच गुन्हा कबूल करतो. काही वर्षांपूर्वी अशा दोन मुली आमच्याकडे आल्या होत्या. एक येवल्याकडची, दुसरी सिन्नरची. आम्ही त्यांना काय काम दिले? फायलींना नंबर टाकणे, झेरॉक्स आणणे आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाणाऱ्या गाडीसाठी नावे लिहून घेणे. वर्षअखेरीस फॉर्मवर ‘समाधानकारक’ लिहून सही ठोकली. येवल्याची मुलगी जाताना म्हणाली, “सर, ॲट्रॉसिटीची केस कशी चालते ते एकदा तरी बघायचं होतं.” तिची आई कांद्याच्या खळ्यावर मजुरीला जात होती. सुट्टीच्या दिवशी ही पण जायची. फिल्डवर्कच्या दोन दिवसांत मजुरी नाही, वर एसटीचा खर्च. डॉक्टरकीच्या इंटर्नला विद्यावेतन मिळते, कारखान्यातल्या अप्रेंटिसला १९६१ च्या कायद्याने मिळते. या मुलीला आमच्याकडून काय मिळाले? झेरॉक्सच्या दुकानाचा पत्ता.

आता ती जे बघायचे म्हणत होती त्याविषयी. सीबीएससमोरच्या जिल्हा न्यायालयात ॲट्रॉसिटीच्या खटल्याची तारीख असली की दृश्य ठरलेले. आरोपीच्या बाजूने दोन जीपगाड्या भरून गाव येते. सरपंच येतो, पुढाऱ्याचा माणूस येतो. फिर्यादी मात्र बाकावर एकटा, फार तर सोबत म्हातारी आई. तारीख पुढे गेली हे त्याला शिपाई सांगतो. तिसऱ्या-चौथ्या तारखेला साक्षीदार येत नाही, सहाव्या तारखेला तो फितूर होतो. मग आरोपी सुटला की वर्तमानपत्रे लिहितात, कायद्याचा गैरवापर! साक्षीदार का फुटला, हे कोणी विचारत नाही. त्याला त्या गावात राहायचे होते आणि त्याच्या बाजूला कोणी बसलेले नव्हते.

इतकी वर्षे आम्ही या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो आहोत. फिर्यादीच्या शेजारी बसलेला समाजकार्याचा विद्यार्थी आम्हाला एकदाही दिसला नाही. आमच्याकडे येणाऱ्या मुलांना विचारले तर वर्गमित्र कुठे कुठे आहेत ते सांगतात. दवाखाना, निरीक्षणगृह, शाळा, अंगणवाडी, अलीकडे कंपन्यांचा सीएसआर. ही कामे वाईट आहेत असे आम्ही म्हणत नाही. पण जातीय अत्याचाराने ज्याचे घर मोडले तो माणूस या यादीत का नाही?

कायद्याची अडचण म्हणाल तर कायदा उलट आपल्या बाजूने आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१६ पासून कलम १५ क लागू आहे. त्याच्या बाराव्या पोटकलमात स्वयंसेवी संस्था, समाजकार्यकर्ते किंवा वकील यांची मदत घेणे हा पीडिताचा हक्क म्हणून लिहिला आहे. समाजकार्यकर्ता हा शब्द कायद्यानेच घातला आहे, बंधूंनो! त्याच कलमाने पीडिताला जामिनासह प्रत्येक कामकाजाची वेळेवर सूचना मिळाली पाहिजे, त्याचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे, प्रवासाचा आणि निर्वाहाचा खर्च मिळाला पाहिजे. सूचना आली का, भत्ता मिळाला का, समाजकल्याण कार्यालयातून अर्थसहाय्याचा टप्पा निघाला का, साठ दिवसांत दोषारोपपत्र गेले का, जिल्हाधिकाऱ्यांच्या दक्षता समितीची बैठक झाली का. एवढ्याचा पाठपुरावा करायला वकिलीची सनद लागत नाही. आठवड्याचे दोन दिवस लागतात.

हे नवे आहे असेही नाही. १९८४ साली टाटा इन्स्टिट्यूटने मुंबई पोलिसांच्या आवारात महिलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. प्रशिक्षित समाजकार्यकर्ती पोलीस ठाण्यात बसू लागली. पुढे सरकारने हे काम राज्यभर नेले. मारहाण झालेल्या बाईसाठी जे जमले ते गावकीने मारलेल्या माणसासाठी का जमू नये?

बाबासाहेबांनी तर हे १९३२ सालीच सांगितले होते. काळारामाचा सत्याग्रह अजून चालू होता. तिसऱ्या गोलमेज परिषदेला जाताना १४ नोव्हेंबरला बोटीवरून त्यांनी अस्पृश्यता निवारणासाठी निघालेल्या संघाचे चिटणीस ठक्कर यांना लांबलचक पत्र लिहिले. पुढे तो संघ हरिजन सेवक संघ झाला. पत्रात त्यांनी समाजसेवेच्या दोन दृष्टी वेगळ्या काढल्या. एक म्हणते, माणूस दुःखात आहे कारण त्याचे वागणे वाईट आहे, म्हणून त्याला सुधारा. दुसरी म्हणते, परिस्थिती वाईट आहे, ती बदला. बाबासाहेब दुसरीच्या बाजूने उभे राहिले. त्यांनी मागणी केली ती खेडोपाडी कार्यकर्त्यांची फौज उभारण्याची. पाणवठा, शाळा, चावडी यांच्या हक्कांसाठी आपल्या माणसांना उभे करणारी आणि त्यातून उद्भवणारे खटले शेवटापर्यंत लढायला मदत करणारी फौज. हे कार्यकर्ते शक्यतो आपल्याच समाजातले असावेत असेही त्यांनी सांगितले, कारण प्रेम असल्याशिवाय सेवा होत नाही. मुंबईत नागपाड्याला समाजकार्याचे पहिले विद्यालय निघाले ते त्यानंतर चार वर्षांनी, १९३६ साली.

पहिली दृष्टी मेलेली नाही. आमच्या वस्त्यांवर लिहिलेली रेकॉर्डिंग आम्ही वाचली आहेत. ‘व्यसनाधीनता, अज्ञान, शिक्षणाबाबत अनास्था.’ लिहिणारा पोरगा कधी कधी आपलाच असतो. सुपरवायझरला काय आवडते ते त्याला कळलेले असते आणि मार्क त्यांच्या हातात असतात.

कॉलेजवाले म्हणतील, कोर्टात धोका आहे. आहे. म्हणूनच देखरेख कडक हवी. एकवीस वर्षांच्या मुलीला एकटीला गावात पाठवायचे नाही. साक्षीदाराशी साक्षीबद्दल बोलायचे नाही, नाहीतर उलटतपासात ‘पढवलेला साक्षीदार’ म्हणून खटला जाईल. वकील आणि पक्षकार यांच्यातल्या बोलण्याला साक्ष अधिनियमाचे संरक्षण आहे, विद्यार्थ्याच्या जर्नलला ते नाही. तेव्हा रेकॉर्डिंगमध्ये पीडिताचे नाव, गाव, तपशील लिहायचा नाही. आरोपीचा वकील उद्या ती वही मागवू शकतो. या गोष्टी शिकवायला वकील आणि शिक्षक दोघांनी दर आठवड्याला एकत्र बसले पाहिजे. आमचे वकीलमित्र वेळ नाही म्हणतात. सत्काराला मात्र सगळ्यांना वेळ असतो.

यंदा आम्ही कॉलेजांना पत्रे दिली आहेत. आमच्याकडे दोन जागा आहेत, काम विशेष न्यायालयाचे, फायलींना नंबर टाकायचे नाही. बसभाडे आमच्या भागातली विहार समिती देणार आहे. वर्षभराचे मागितले होते, तूर्त सहा महिन्यांचे कबूल झाले आहे.