सोवळ्यातला कोड

आमच्या धंद्यातल्या शिकल्यासवरलेल्यांनी नवं सोवळं काढलं आहे. परक्याच्या हातचं पाणी न पिणाऱ्या पणजोबांना हसणारा हिंजवडीतला इंजिनियर शेजारच्या खुर्चीवरच्या सहकाऱ्याचं फंक्शन मात्र वापरत नाही. विटाळ होतो त्याला. तेच काम तो नव्याने लिहितो आणि त्याला ‘ओनरशिप’ म्हणतो!

मागे एका प्रकल्पाचा कोड चाळताना रुपयांच्या रकमेत स्वल्पविराम घालणारी सात फंक्शनं सापडली. एकाच ग्राहकाला यादीत १,२५,००० दिसत आणि बिलावर १२५,०००. सगळ्यांत हुशार फंक्शन शेवटचे तीन आकडे कापून बाजूला ठेवी आणि उरलेल्यांत दोन-दोनांवर स्वल्पविराम देई. मग कुणाचे तरी पाचशे रुपये परत करायची वेळ आली. तीन आकडे कापल्यावर उरलं नुसतं उणे चिन्ह, आणि पडद्यावर उमटलं ‘-,५००’. ग्राहक हे बघून इंजिनियरला फोन करत नाही. शिव्या खाते ती कॉल सेंटरवरची पोरगी.

आणि हे काम ब्राउझर फुकट करतो. त्याचं प्रमाणक २०१२ सालीच ठरलं. जावास्क्रिप्टच्या ‘इंटल’मधल्या ‘नंबरफॉरमॅट’ला भारतीय इंग्रजी सांगा, तो लाख-कोटी मांडतो, मराठी सांगा, अंक देवनागरीत देतो. उणे चिन्ह त्याला कळतं. पण आयतं मिळालेलं वापरण्यात पुरुषार्थ कसला?

दोष एकट्या पोरांचा नाही. मुलाखतीत आम्हीच त्यांना ‘डिबाउन्स’सारखं आयतं मिळणारं फंक्शन ‘हाताने लिहून दाखव’ म्हणतो. पगारवाढीच्या वेळी नवं काय लिहिलंस हे विचारतो. काय पुसलंस, कुणाचं वापरलंस, हे विचारणारा साहेब मला अजून भेटायचा आहे.

यावर लगेच ‘लेफ्ट-पॅड’चं उदाहरण तोंडावर फेकलं जातं. मजकुराला डावीकडून भर घालणारं अकरा ओळींचं ते पॅकेज मार्च २०१६ मध्ये लेखकाने एनपीएम या पॅकेजांच्या भांडारातून काढून घेतलं आणि जगभरचे बिल्ड कोसळले, बॅबेलसारख्या मातब्बर साधनाचेही. खरं आहे. न वाचता, न तपासता घेतलेली उसनवारी हा आळसच, त्याची वकिली मी करत नाही. पण म्हणून घरोघरी अकरा ओळी लिहायच्या? पुढच्याच वर्षी तेच काम करणारं ‘पॅडस्टार्ट’ जावास्क्रिप्टच्या प्रमाणकात आलं. गावाला विहीर झाली, तरी आमची परसात खोदाई चालूच.

त्या प्रकल्पातली सातही फंक्शनं मी काढली. आतून ब्राउझरलाच विचारणारं एक ठेवलं. उणे, शून्य आणि रिकाम्या रकमेच्या चाचण्या लिहिल्या. दुसऱ्या दिवशी लेखक मंडळी एकेक करून टेबलाशी आली. ‘-,५००’ची चौकशी एकानेही केली नाही.

“सर, माझं का काढलंत?”