डोळा बरा झाला, निदान राहिलं

मा. संपादक,


आपल्या रविवार पुरवणीत ऑप्टिक न्युरायटिसवर, म्हणजे डोळ्यामागच्या नसेला येणाऱ्या सुजेवर आलेला लेख वाचला. लक्षणं नेमकी दिली आहेत. दोन-चार दिवसांत एका डोळ्यापुढे धूसर पडदा येणं, डोळा फिरवला की दुखणं, रंग फिके पडणं. बहुतेकांची नजर काही आठवड्यांत बरीचशी परत येते, हेही खरं. माझी तक्रार शेवटच्या परिच्छेदाबद्दल आहे. दुसरा झटका येईपर्यंत रुग्णापुढे, त्यातही लग्नाच्या वयातल्या मुलीपुढे, ही सूज ज्याची पहिली खूण असू शकते त्या मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) या मेंदू-मज्जारज्जूच्या आजाराचं नाव काढून तिला हकनाक घाबरवू नये, असा सल्ला लेखकाने दिला आहे. हेतू भला असेल. सल्ला मात्र तीस वर्षं शिळा आहे.

तीस वर्षं उगाच म्हटलेलं नाही. 1993 साली अमेरिकेत इंटरफेरॉन बीटाला परवानगी मिळाली. त्याआधी एमएसची पुढची वाटचाल बदलणारं मान्यताप्राप्त औषध नव्हतं. हाती औषधच नसताना डॉक्टर गप्प राहिले तर त्यात माया होती, असं मीही म्हणेन. पण 2000 साली पहिलाच झटका आलेल्या आणि एमआरआयमध्ये मेंदूत डाग दिसलेल्या 383 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात लगेच इंटरफेरॉन सुरू केलेल्यांमध्ये तीन वर्षांत एमएस पक्का होण्याची शक्यता 50 टक्क्यांवरून 35 टक्क्यांवर आली. आता त्याहून प्रभावी औषधं आली आहेत. दुसऱ्या झटक्याची वाट पाहण्याची सक्तीही निदानासाठीच्या 2001 च्या मॅकडोनाल्ड निकषांनी काढून टाकली. 2024 च्या सुधारित निकषांत तर एमएसच्या खुणा शोधण्याची पाचवी जागा म्हणून डोळ्यामागच्या या नसेलाच (ऑप्टिक नर्व्ह) मान मिळाला आहे. निदान पुढे सरकलं, सल्ला तिथेच राहिला.

घाबरवू नये म्हणताना लेखक आणखी एक गोष्ट विसरतात. अमेरिकेत 1988 ते 1991 मध्ये ऑप्टिक न्युरायटिसचे 457 रुग्ण एका मोठ्या अभ्यासात घेतले गेले. पंधरा वर्षांनंतरचा हिशेब असा: मेंदूच्या एमआरआयमध्ये सुरुवातीला एकही डाग नव्हता त्यांच्यात एमएसचा धोका 25 टक्के, एक जरी डाग असला तरी 72 टक्के. हे आकडे मुख्यतः गोऱ्या रुग्णांचे. आपल्याला जसेच्या तसे लावू नयेत. पण मुद्दा टिकतो. ज्याचा एमआरआय स्वच्छ आहे त्यालाही ‘तुला बहुधा काही होणार नाही’ हे ऐकण्याचा हक्क आहे. सगळ्यांशीच गप्प राहिलं की त्याचा धीरही हिरावला जातो.

माझी सत्तावीस वर्षांची भाची आमच्याकडे मल्लेश्वरमला राहून नोकरी करते. डावा डोळा दुखू लागला तेव्हा स्क्रीनमुळे असेल असं तिलाही वाटलं. देवघरातल्या करंड्यातलं कुंकू ती एकेक डोळा झाकून पाहत होती: उजव्या डोळ्याला लालभडक, डाव्याला विटकरी, धुऊन वाळत घातल्यासारखं. (सर सी. व्ही. रामन यांचं ‘पंचवटी’ हे घर आमच्याच मल्लेश्वरमात, पंधराव्या क्रॉसला. डोळा रंग कसे पाहतो यावर त्यांनी उतारवयात, 1968 साली, पुस्तक लिहिलं. तिचं वर्णन त्यांनी आवडीने ऐकलं असतं.) एका दवाखान्यात डोळ्याचा पडदा तपासून ‘सगळं नॉर्मल’ म्हणून सांगितलं. सूज नसेच्या मागच्या भागात असली तर पडदा नॉर्मलच दिसतो. रुग्णालाही दिसत नाही आणि डॉक्टरलाही काही दिसत नाही, अशी डॉक्टरी पेशातली जुनी थट्टाच आहे. चिठ्ठीवर प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळ्या होत्या. नजर महिनाभरात सुधारली आणि फाईल कपाटात गेली.

त्या गोळ्यांबद्दलही लेखात एक ओळ हवी होती. वर सांगितलेल्याच अभ्यासाचा 1992 साली छापलेला निष्कर्ष असा की, नेहमीच्या डोसच्या नुसत्या स्टिरॉइड गोळ्या घेतलेल्यांमध्ये सूज उलटून येण्याचं प्रमाण वाढलं. सलाईनमधून रोज एक ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन तीन दिवस दिल्यावर नजर लवकर सुधारते. शेवटी किती सुधारणार, यात फारसा फरक पडत नाही. आपल्याकडे औषधाच्या दुकानात जुनी चिठ्ठी दाखवून त्याच गोळ्या पुन्हा मिळतात, हे मी आठव्या क्रॉसवर उभी राहून पाहिलं आहे.

भाचीची फाईल कपाटातून निघाली ती पाय बधिर झाल्यावर. मग न्यूरॉलॉजिस्ट, मेंदूचा आणि मणक्याचा कॉन्ट्रास्ट एमआरआय, पाठीतलं पाणी काढून तपासणी. मेंदूत डाग होते, त्यातले काही जुने. सुरुवातीलाच एमआरआय केला असता तर औषध कधी सुरू झालं असतं, हा प्रश्न तिने स्वतः डॉक्टरांना विचारला. उत्तर द्यायला ते थोडा वेळ थांबले, एवढंच मी लिहिते.

मात्र नाव घ्या म्हणजे हरेकाच्या कपाळी एमएसचा शिक्का मारा, असं माझं म्हणणं नाही. भारतात हा घोळ अधिक होऊ शकतो. न्युरोमायलायटिस ऑप्टिका आणि मॉग अँटिबॉडीचा आजार हे दोन्ही डोळ्याच्या नसेपासूनच सुरू होऊ शकतात, दिसायला एमएससारखे, स्वभावाने वेगळे. एमएसवरची इंटरफेरॉन, फिंगोलिमोड, नॅटॅलिझुमॅब ही औषधं न्युरोमायलायटिसच्या रुग्णाला दिली तर आजार बळावू शकतो. हा फरक ओळखायला रक्तातली अ‍ॅक्वापोरिन-4 आणि मॉग अँटिबॉडी तपासावी लागते. आमच्याच राज्यातल्या मंगळुरात या आजारांवर मोलाचं काम झालेलं आहे. मेंदूविकारांची राष्ट्रीय संस्था निम्हान्स तर आमच्या शहरातच आहे. संशयाचं नाव कागदावर लिहिल्याशिवाय या तपासण्या कोण सांगणार आणि कशासाठी?

आता खऱ्या अडचणीकडे येते. नाव लपवलं जातं ते रुग्ण घाबरेल म्हणून कमी आणि स्थळं येणार नाहीत म्हणून जास्त. हा आजार बायकांना पुरुषांपेक्षा जास्त होतो आणि बहुधा वीस ते चाळीस या वयात उघड होतो. नेमका पत्रिका फिरत असतात तेव्हा. आईवडिलांची भीती मला कळते. 1897 च्या प्लेगमध्ये पुण्यात लोक आजारी माणूस घरात लपवत, कारण कळलं की सक्तीने हलवत. तेव्हा लपवायला निदान ते कारण होतं. इथे लपवून वाचतं काय? एमएस असूनही बाई नोकरी करते, संसार करते, मूल होऊ देते. फक्त गर्भधारणेआधी काही औषधं बदलावी किंवा थांबवावी लागतात. ज्या नवऱ्याला आजारच सांगितलेला नाही, त्याच्या घरात हे नियोजन व्हायचं कसं?

विम्याचंही तेच. पूर्वीचा आजार दडवून काढलेली पॉलिसी दाव्याच्या वेळी नाकारली जाऊ शकते. त्यातून गंभीर आजारांच्या पॉलिसीत एमएसची ठरलेली व्याख्या हालचालीतला किंवा संवेदनेतला बिघाड सलग सहा महिने टिकलेला मागते. म्हणजे वेळीच औषध घेऊन तो बिघाड टाळलेल्या रुग्णाला काहीच मिळायचं नाही. ही व्याख्या विमा नियामकाने बदलायला हवी, आणि आपल्यासारख्या दैनिकाने त्यासाठी लिहायला हवं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचं नाव स्पष्ट आहे. विमा अजून त्या मानाने मागे आहे.

संपादक महोदय, पुढच्या पुरवणीत एवढी दुरुस्ती जरूर छापा: ऑप्टिक न्युरायटिसचं निदान झालं की नजर सुधारो वा न सुधारो, न्यूरॉलॉजिस्टला दाखवावं, मेंदूचा एमआरआय करावा, अँटिबॉडी तपासायच्या का हे विचारावं आणि सगळे रिपोर्ट रुग्णाच्या स्वतःच्या हातात द्यावेत. सत्तावीस वर्षांची मुलगी स्वतःच्या मेंदूबद्दलचं वाक्य ऐकण्याइतकी मोठी असते.

आपली,
एक वाचक
मल्लेश्वरम, बंगळूर