लाउडनेसचा गायक आणि आमचा कॉमेडियन

1987 साली बल्लारपूरच्या पेपर मिल कॉलनीतल्या एका साहेबाच्या पोराकडं एक कॅसेट होती. मी तेव्हा वीस वर्षांचा. दिवसा सायकलच्या दुकानात पंक्चर काढायचो, आणि धान कापून झालं की झाडीपट्टीच्या नाटकांत तबला वाजवायला जायचो. त्या पोरानं एकदा सायकल दुरुस्त होईपर्यंत टेप लावली आणि म्हणाला, ओळख, कुठले आहेत. मी म्हटलं, इंग्रज. तो हसला. जपानी होते. जपान टेपरेकॉर्डर बनवतो एवढं मला माहीत होतं. त्यात वाजणारी माणसंही तिकडं तयार होतात, हे त्या दिवशी कळलं.

बँडचं नाव लाउडनेस, अल्बमचं नाव 'थंडर इन द ईस्ट'. शब्द एकही कळला नाही, ढोल मात्र कळला. मुनेताका हिगुची नावाचा गडी दोन हात आणि दोन पाय चारही कामाला लावून मारत होता. पुढच्याच आठवड्यात मूलकडच्या एका गावात खलनायकाच्या एंट्रीला मी तसा ठेका देऊन पाहिला. ऑर्गनवाल्या काकांनी तोंडातला खर्रा थुंकला आणि माझ्याकडं असं पाहिलं, की पुढची दहा वर्षं मी ती हिंमत केली नाही. आता तबला सुटला, ऑक्टोपॅड आला, आणि काकाही राहिले नाहीत.

हे आठवायचं कारण माझा भाचा. पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. भाऊबीजेला आला तो ठरवूनच आला होता. "मामा, झाडीपट्टीचं नाटक पुण्या-मुंबईला न्यायचं. पुढं अमेरिकेतल्या मराठी मंडळांतही. दोन तासांत बसवू, आणि भाषा जराशी साफ करू." पोराचा हेतू वाईट नाही. आपल्या मुलखाचं नाव व्हावं असं त्याला मनापासून वाटतं. पण 'भाषा साफ करू' हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात ती कॅसेट फिरायला लागली.

लाउडनेसची पुढची कहाणी मला फार उशिरा, मोबाइल आल्यावर कळली. अकिरा ताकासाकी हा गिटारवाला आणि हिगुची यांनी 1981 मध्ये हा बँड उभा केला. आधीचे अल्बम मुख्यतः जपानीत. मग अ‍ॅटको या अमेरिकन कंपनीशी करार झाला आणि 1985 चा 'थंडर इन द ईस्ट' सरळ अमेरिकन श्रोता डोळ्यांपुढं ठेवून केला. गाणी इंग्रजीत. निर्माता मॅक्स नॉर्मन, ऑझी ऑस्बर्नचे अल्बम ज्याच्या हातून गेले तो. अल्बम बिलबोर्डच्या यादीत 74 व्या क्रमांकापर्यंत चढला, आणि त्याच वर्षी हे गडी मॉटली क्रू या अमेरिकन बँडसोबत न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये वाजवून आले.

आता गंमत ऐका. गायक मिनोरू निहारा याचं इंग्रजी जपानी वळणाचं. उच्चार कुठं गोल, कुठं तुटके. तरी कुणाचं अडलं नाही. 'क्रेझी नाइट्स' या पहिल्याच गाण्यात तीन इंग्रजी अक्षरांची एक आरोळी आहे, लोक ती जीव तोडून ओरडायचे, आणि तिला अर्थच नाही. आमच्याकडं वगात एखादा सोंगाड्या असाच काहीतरी हाळी देतो आणि पुढं वर्षभर गावातली पोरं शाळेत जाताना तेच ओरडत असतात. अर्थ कोण विचारतो?

1986 चा 'लाइटनिंग स्ट्राइक्स' आणखी वर, 64 पर्यंत गेला. त्यानंतर कुणाच्या तरी डोक्यात आलं, की अजून वर जायचं तर गायकच अमेरिकन पाहिजे. 1988 मध्ये निहाराला काढलं आणि माइक व्हेसेरा नावाचा अमेरिकन आणला. त्याचा आवाज चांगला, इंग्रजी तर त्याच्या घरचंच. 1989 मध्ये 'सोल्जर ऑफ फॉर्च्यून' निघाला. तो मी दोनदा ऐकला आहे. वाईट अजिबात नाही. पण तसे अल्बम अमेरिकेत त्या काळी डझनानं निघत होते आणि ते काढणारे तिथलेच होते. ओसाकाहून आणायची गरज काय? अमेरिकेत तो 'लाइटनिंग स्ट्राइक्स'च्या जवळपासही पोचला नाही. त्या जातीच्या संगीताचेच दिवस भरत आले होते, हेही खरं, म्हणजे सगळं पाप गायकबदलाच्या माथी मारता येत नाही. पण निहाराला ठेवून बुडाले असते तर निदान स्वतःच्या गळ्यानं बुडाले असते. तो पुढं 2000 नंतर परत आला. हिगुची 2008 मध्ये कर्करोगानं गेला, ते वाचून मला घरचं कुणी गेल्यासारखं वाटलं. पत्नी म्हणाली, कोण जपानी मेला आणि तुम्ही जेवत नाही.

भाच्याला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मामा, आपला गायक कुठं बदलतोय मी?" बरोबर. पण आमच्याकडं तो कधीचाच बदललेला आहे, हे त्याला ठाऊक नाही.

ज्यांनी झाडीपट्टीचं नाटक पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानाच्या आणि जंगलाच्या मुलखात दिवाळीनंतर मंडई भरते, शंकरपट होतो, आणि त्या रात्री गावात नाटक लागतं. वडसा हे कंपन्यांचं माहेर. तिथं एका रांगेत बुकिंगची ऑफिसं आहेत. तिकीट काढून, तणसावर सतरंजी टाकून, चादरी पांघरून हजारो माणसं रात्री दहा-साडेदहाला बसतात ती पहाटे उठतात. गाणं रेकॉर्डवर नाही, सगळं समोर बसून वाजवायचं. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्या पेपरांनी चार दिवस आमची दखल घेतली. आम्ही मात्र तेव्हा सीझनमध्ये होतो.

या नाटकांत नायक बोलतो पुस्तकातली मराठी. नायिका तशीच, आणि ती पुष्कळदा नागपूर-मुंबईहून येते. पाटील, इन्स्पेक्टर, कॉलेजात शिकून आलेला मुलगा, सगळ्यांच्या तोंडी पुण्याचे संवाद. झाडीबोली बोलतो एकटा कॉमेडियन. ज्या बोलीत 'पाणी'चं 'पानी' होतं आणि 'डोळा'चा 'डोरा', ज्या बोलीत समोर तणसावर बसलेली अख्खी पब्लिक घरी भांडते, रडते, मेलेल्याला हाक मारते, ती बोली स्टेजवर आली की फक्त हसायच्या कामाची. आई मेल्यावर नायक रडतो तेही प्रमाण मराठीत. आम्ही आमचा अमेरिकन गायक फार आधीच आणून ठेवला आहे. सगळी नाटकं अशी नाहीत, झाडीबोलीसाठी डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या माणसांनी आयुष्य घातलं आहे. पण रोजच्या धंद्यातलं नाटक असंच चालतं, आणि पस्तीस सीझन मी बाजूला बसून त्याला ठेका दिला आहे.

एकदा एका मोठ्या शहरात एका संस्थेनं आम्हाला बोलावलं होतं. बंद थिएटर, गार हवा, मऊ खुर्च्या. तिथल्या एका जाणत्यानं तालमीत सांगितलं, कॉमेडियनचं लोकांना कळणार नाही, तेवढं नीट बोलायला लावा. आमच्या कॉमेडियननं आठ दिवस 'ळ' घोटला. प्रयोगात एकदाही चुकला नाही. टाळ्या पडल्या, जेवढ्या सत्काराला पडतात तेवढ्या. मीही काही कमी नव्हतो. खलनायकाच्या एंट्रीला गावात जे मारतो ते तिथं मारलंच नाही, सभ्य वाजवलं. परतताना बुटीबोरीपर्यंत तो गाडीत गप्प होता. मग म्हणाला, "ठाण्यात जबाब देऊन राहिलो होतो असं वाटलं बे."

बाहेर जाऊच नये असं माझं म्हणणं नाही. दोन तासांचं करायलाही माझी हरकत नाही, यावर आमचे काही जुने लोक चिडतील. आमचं नाटक रात्रभर का चालतं? रात्री एक वाजता संपलं तर आठ-दहा किलोमीटर जंगलातून बाया-पोरं घेऊन घरी जाणार कोण? ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडं आजही वाघ रस्त्यावर बसलेला असतो. म्हणून झुंजूमुंजू होईपर्यंत नाटक ताणायचं, चार लावण्या जास्त घालायच्या. पुण्यात लोकांना शेवटची बस गाठायची असते, तिथं दोन तासांतच संपवा.

भाषेचं तसं नाही. क्यू साकामोतो नावाच्या गायकाचं जपानी गाणं 1963 मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, जपानीतच. विकणाऱ्यांनी तेवढं नाव बदलून 'सुकियाकी' केलं, म्हणजे एका मांसाच्या रश्श्याचं. एकटेपणाच्या गाण्याला 'सावजी मटण' म्हणावं तसं. लोकांनी तरी ऐकलं. 2025 मध्ये बेबीमेटल या जपानी बँडचा 'मेटल फोर्थ' बिलबोर्डच्या पहिल्या दहांत गेला, आणि त्यात एका गाण्यात आपल्या दिल्लीचा ब्लडीवुड हा बँड आहे, जो हिंदी-पंजाबीत ओरडतो आणि ढोल वाजवतो. हेच ब्लडीवुडवाले 2022 मध्ये जपानच्या फुजी रॉक महोत्सवात तो ढोल घेऊन गेले होते. तिथं 'ढोलाचं जरा साफ करा' असं कुणी म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

लाउडनेसनं मॅक्स नॉर्मन बाहेरून आणला, तो फळला. गळा बाहेरून आणला, तो फळला नाही. माझं भाच्याला सांगणं तेवढंच. आमचा आवाज गावात चार भोंग्यांतून फाटून जातो, ऑर्गन वर आला की नायिका बुडते. एखादा ध्वनीवाला घेऊन ये, ज्याला माइक कुठं टांगायचा ते कळतं. पडद्याच्या वर मराठी-इंग्रजी ओळी दाखवायची सोय कर. प्रकाशाचं बघ. आणि लेखकाला सांग, आई मेल्यावर नायकाला त्याच्या आईच्या बोलीत रडू दे.

भाचा म्हणाला, लोक हसतील.

कदाचित हसतीलही. आमची पब्लिकच आधी हसेल, कारण ती बोली कानावर पडली की हसायचं ही सवय आम्हीच लावली आहे. म्हणून पहिला प्रयोग पुण्यात नको, नागभीडच्या बाजूला एका मंडईत करू, असं ठरलं आहे. कॉमेडियनला विचारलं, नायक करशील का. तो म्हणाला, काहून, हिरो मेला का? आता रोज सकाळी फोन करून नक्की सांगा, नक्की सांगा, म्हणतो आहे. खलनायकाच्या एंट्रीचा ठेका मी बसवून ठेवला आहे. ऑक्टोपॅडला पायाचं पेडल जोडून घेतलं. हिगुचीसारखं जमत नाही, गुडघा दुखतो.