दिवाळीच्या तोंडावरची सुटी

सोलापूरचे एक कापडव्यापारी दांपत्य बोस्टनला मुलाकडे जाई, ते नेहमी मे महिन्यात. न्यू हॅम्पशायरमधील रंगीत पानगळ भरास येते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात. आणि दसरा-दिवाळीच्या तोंडावर गल्ला सोडणार कोण? व्यापाऱ्याची सुटी उधारीसारखीच, वसूल होईल तेव्हा खरी. यंदा दुकानाच्या किल्ल्या पुतण्याकडे सोपवल्या गेल्या, आणि मुलाने दोघांना एका दिवसाच्या सहलीच्या बसमध्ये बसवून दिले.

लिंकन ते कॉनवे हा सुमारे ५५ किलोमीटरचा कँकामागस रस्ता. वाटेत पेट्रोलपंप नाही, मोबाईलला रेंजही जवळजवळ नाही. शेठजी तरीही घटकेघटकेला फोन पाहत होते. पत्नी मात्र थांब्याथांब्यावर कॅमेरा घेऊन झाडांखाली. सूर्य पानांच्या मागे ठेवला, तर मेपलचा लाल रंग पेटल्यासारखा दिसतो, हे त्यांना तासाभरातच उमगले. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो. हिरवा ओसरला की दिसू लागतो. लाल मात्र बहुतांशी शरदातच नव्याने तयार होतो. दिवसा ऊन आणि रात्री गारवा असला, की तो अधिक खुलतो.

कॉनवेला रेंज आली. दुकानाहून एकही फोन आलेला नव्हता. शेठजी क्षणभर गप्प राहिले. मग पत्नीकडे वळून म्हणाले, "दाखव पाहू, काय काय टिपलंस ते."