ओला सदरा आणि मागचा बाक

ठाणेगाव, अरसोडा, जोगीसाखरा अशा गावांहून आपल्या महाविद्यालयात सायकलने येणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत. मीही त्यांपैकीच एक. मानव विकास कार्यक्रमातून शाळेत असताना मिळालेल्या सायकलीवरच काही मैत्रिणी आज बी. ए.ला येतात. पण रोवणीचे दिवस आले, की आमच्यापैकी बरेच जण मागचा बाक धरतात. त्याचे कारण अभ्यास नव्हे, कपड्यांचा वास.

हा वास म्हणजे माणसाचा दोष, ही समजूत मला मान्य नाही. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. कातडीवरचे व कपड्यांतले जिवाणू घामातील द्रव्ये फोडतात, तेव्हा तो सुटतो. ओलावा टिकला की वाढतो. बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. तासभर जागच्या जागी सायकल चालविलेल्या २६ जणांचे सदरे त्यांनी तपासले. सुती सदऱ्यांपेक्षा पॉलिस्टरच्या सदऱ्यांचा वास अधिक उग्र निघाला. आपण मात्र स्वस्त आणि टिकाऊ म्हणून पॉलिस्टरच घेतो. तेव्हा हा प्रश्न सवयीइतकाच खिशाचाही आहे.

घरचे उपाय साधे आहेत. घामेजलेले कपडे गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. उलटे करून लगेच वाळत घालावेत. धुण्याआधी थोडा धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात अर्धा तास भिजवावेत आणि साबण पुरता निघेपर्यंत खळबळावेत. ऊन मिळेल तेव्हा उन्हात वाळवावेत. ओल्या बुटांत रद्दी कोंबावी. रेनकोट आतून पुसून, वाळवून मगच घडी करावी. दप्तराचे पट्टेही घाम पितात, तेही धुवावेत. सेंट फवारल्याने वास झाकला जातो, जात नाही.

परंतु ज्याच्याकडे कपड्यांचे दोनच जोड आहेत, त्याने झडीच्या दिवसांत काय करावे? येथे महाविद्यालयाने हात दिला पाहिजे. व्हरांड्यात एक दोरी, कपडे बदलण्यासाठी मुलांना व मुलींना एकेक खोली, आणि पहिल्या तासापूर्वी दहा मिनिटांची सवड. पिशवीतला कोरडा सदरा अंगात घालावा, ओला दोरीवर टाकावा. संध्याकाळी तोच घालून घरी जावे.

शिक्षण सर्वांसाठी आहे, असे आपण प्रत्येक स्नेहसंमेलनात ऐकतो. पायडल मारीत आलेल्या विद्यार्थ्याला संकोच न वाटता पहिल्या बाकावर बसता आले, तर ते खरे ठरेल. येत्या पावसाळ्यापूर्वी ती दोरी बांधली जावी, एवढीच प्राचार्यांना नम्र विनंती.